सध्या काय करता?

प्राचार्यांनी माझ्या धाकट्या बहिणीला परस्पर नोकरीला लावलं होतं, तेही नुसतं कागदावर. प्रत्यक्षात ती त्यांच्या शाळेत वेल्डिंग शिकून घरी बसली होती. पुढच्या वर्गातल्या मोफत जागा फक्त बेकारांसाठी होत्या. ती अर्ज करायला गेली, तर खिडकीतली बाई म्हणाली, "तुला तर नोकरी आहे की गं!" बहीण रडत घरी आली आणि माझं डोकं सणकलं. शाळेतून नोकरीला लागलेल्यांचा आकडा फुगवायला या माणसाने पोरीच्या पोटावर पाय दिला होता.

पुढे त्याच शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची माहिती ठेवणारं ॲप बनवायचं काम आमच्या कंपनीकडे आलं. मी ते हट्टाने मागून घेतलं.

"मॅडम, एकदम सोपं करा," प्राचार्य खुर्चीत रेलून म्हणाले. "पोरांना काही जमत नाही. त्यांचं आम्हीच भरून टाकू."

"सर, तुम्हाला बोटही हलवावं लागणार नाही," मी गोड हसून म्हणाले.

मी शब्दाला जागले. दर सोमवारी प्रत्येकाच्या फोनवर एकच प्रश्न, वाचायचा नसेल तर ऐकायचा: सध्या काय करता? खाली तीन ठसठशीत बटणं: काम, शिक्षण, घरीच. उत्तर ज्याचं त्यानेच द्यायचं. प्राचार्यांना ते बघता येईल, बदलता येणार नाही. शिक्षण खात्याच्या साहेबांना हे फार आवडलं. प्राचार्यांनी न वाचताच सही ठोकली.

उद्घाटनाला सभागृह भरलं होतं. "आमचं एकही मूल रिकामं नाही!" प्राचार्य गरजले आणि साहेबांनी ॲप सुरू केलं. भिंतीवरच्या पडद्यावर उत्तरं येऊ लागली. घरीच. घरीच. काम. घरीच. घरीच.

"बंद करा ते," प्राचार्य माझ्या कानाशी कुजबुजले.

"तसं बटणच नाही, सर. सोपं हवं होतं ना?"

त्यांचा चेहरा पाहून माझ्या जिवाला गार वाटलं. खोटं कशाला बोलू?

बहिणीला जागा मिळाली. प्राचार्यांची नोकरी गेली. पण तेही त्याच शाळेत शिकलेले; यादीत पहिला फोन नंबर त्यांनी हौसेने स्वतःचाच घालून घेतला होता. त्यामुळे प्रश्न त्यांनाही जातो. बरेच दिवस उत्तर नव्हतं. मग एकदा आलं: घरीच.

"पुरे झालं गं," आई म्हणाली. "काढ त्यांचा नंबर."

काढता येतो. एका बोटाचं काम आहे.

उद्या सोमवार. बघू, काय म्हणतात.