मला वर कोणी धरलं

हे बघा, मी वेडी नाही. बीपीची गोळी मी वेळेवर घेते, आणि आमच्या बरखेड्यात कुणाच्या घरी कशाची फोडणी बसलीय हे मला अजून वासावरून कळतं. मला समुद्रात डॉल्फिननी वाचवलं असं मी म्हणते ते धक्क्यानं नाही. झालं तसं म्हणते.

आमचं मैत्र मराठी मंडळ दर हिवाळ्यात सहल काढतं. यंदा तारकर्ली. आमच्यातली बहुतेक माणसं कारखान्यात नोकरी करून इथे भोपाळातच रिटायर झालेली. पाणी म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे बडा तालाब. बोटीत बसून भुट्टा खायचा आणि परत यायचं! समुद्र म्हणजे जरा मोठा तालाब, इतकंच आमचं ज्ञान.

त्यात आम्ही सगळ्या बायकांनी सहलीसाठी एकसारख्या डाळिंबी पैठण्या घेतल्या होत्या. बोटवाल्यानं सगळ्यांच्या अंगावर ती नारिंगी लाइफ जॅकेटं चढवली, आणि आमची सेक्रेटरी पल्लवी म्हणाली, "अगं बाई, पदर कुठे दिसतोय?" झालं! फोटोपुरती म्हणून आम्ही जॅकेटं काढली. मीसुद्धा काढलं. बोटवाला बिचारा ओरडत होता, त्याला आम्ही "भैया, बस दो मिनिट" म्हणून गप्प बसवलं. मराठी माणसाला हिंदीतून! इतकी सवय लागलीय. तेवढ्यात कोणीतरी किंचाळलं, "डॉल्फिन!" आणि सगळेच्या सगळे एका अंगाला धावले. बोट कलली. कडेला मी होते. मी गेले.

मला पोहता येत नाही. भिजलेली पैठणी पायांना अशी गुंडाळली की पाय हलेनात. नाकातोंडात खारं पाणी. एकदा वर आले तर बोट लांब गेलेली. पुन्हा खाली जायला लागले तेव्हा मनात नवऱ्याला म्हटलं, अहो, झोपताना गॅस बंद करत जा. मरताना माणसाला काहीतरी मोठं सुचावं की नाही? मला गॅस सुचला.

आणि मग खालून काहीतरी आलं. गार, घट्ट, उकडून सोललेल्या अंड्यासारखं गुळगुळीत. पोटाखालून त्यानं मला वर ढकललं. तोंड पाण्याबाहेर आलं. मी घसरले, तर दुसऱ्या बाजूनं दुसरं आलं. त्यांचा श्वास ऐकलाय मी, अगदी कानाशी, फूस्स असा. करड्या पाठीवर पांढरट ओरखडे होते. बोट वळून येईपर्यंत त्यांनी मला खाली जाऊ दिलं नाही. मग बोटीतून एक हात आला आणि त्यानं मला आत ओढलं. तो हात आमच्या अध्यक्षांचा, श्रीकांतरावांचा. हाताबद्दल मी त्यांची आभारी आहे.

पण भोपाळला उतरेपर्यंत हाताची उडी झाली होती. श्रीकांतरावांनी जिवाची पर्वा न करता समुद्रात उडी घेतली म्हणे! ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस. मी लिहिलं, उडी कोणीच मारली नाही, मला डॉल्फिननी धरलं. त्याखाली हसऱ्या तोंडांची रांग लागली. "काकू, आराम करा." पुण्याहून मुलाचा, निखिलचा फोन आला, "आई, कुणाला तरी दाखवून घेऊ या का?" दाखवून घ्यायला मी काय बिघडलेला फ्रिज आहे?

हसले असते आणि विसरले असते, तर मीही सोडून दिलं असतं. पण गोष्ट माझ्या वर्गावर आली. दर रविवारी टी. टी. नगरातल्या मंडळाच्या हॉलमध्ये मी मुलांना मराठी शिकवते. घरात अर्धी हिंदी, शाळेत इंग्रजी, आणि मराठी फक्त गावच्या आजीच्या फोनपुरती, अशी ही मुलं. निखिल पुण्याला गेल्यापासून माझा सगळा जीव त्या वर्गात आहे. त्यांना मी सगळं सांगितलं. सई म्हणून एक चिमुरडी आहे, ती म्हणाली, "आजी, सच्ची?" मी म्हटलं, "सच्ची. आणि मराठीत त्याला खरं म्हणतात."

पुढच्या आठवड्यात पल्लवीचा फोन. "काकू, पालकांची तक्रार आहे. मुलांना भलतंसलतं सांगता म्हणतात. संक्रांतीच्या कार्यक्रमात श्रीकांतरावांचा सत्कार ठेवलाय. शाल तुमच्या हातून घालायची आणि त्यांनी कसं वाचवलं ते दोन शब्दांत सांगायचं. तेवढं झालं की विषय संपला."

"आणि नाही झालं तर?"

"मग वर्ग दुसऱ्या कुणाला तरी द्यावा लागेल, काकू."

माझा नवरा, नरहर, गुडघ्यामुळे सहलीला आलाच नव्हता. कारखान्यात टर्बाइन तपासण्यात त्याचा जन्म गेला. मोजल्याशिवाय चहात साखर घालत नाही. पेपरामागून म्हणाला, "रत्ना, घालून टाक ती शाल. वर्ग गेला तर रविवारी करशील काय?"

"तुमचा माझ्यावर विश्वास आहे की नाही ते सांगा."

"मी तिथे नव्हतो," म्हणाला, आणि पान उलटलं. त्या दिवशी त्याला मी बिनफोडणीचं वरण वाढलं.

संक्रांतीला हॉल गच्च भरला होता. स्टेजच्या मागे खुर्च्यांच्या थप्पीपाशी श्रीकांतरावांनी मला गाठलं. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "वहिनी, मी पाहिलं होतं."

"काय पाहिलं होतं?"

"दोन होते. एक तुमच्या खाली, एक बाजूला. मी बोटीची कड धरून उभा होतो. मला कुठे पोहता येतं?"

"मग उडी मारली म्हणून का सांगत सुटलात?"

"मी नाही सांगितलं हो. पल्लवी बोलून गेली, मी नाही म्हटलं नाही. आणि डॉल्फिन म्हटलं असतं तर मलाही तुमच्यासारखेच हसले असते. आता वेळ गेली. घाला शाल, मिटवून टाका."

माझं डोकंच फिरलं. इतके दिवस मी समजत होते, ह्यांना दिसलं नसेल बिचाऱ्यांना. आणि हा माणूस सगळं बघून गप्प! लोक मला वेडी ठरवत होते तेव्हा हे ग्रुपवर जोडलेले हात पाठवत होते! पल्लवी धावत आली, माझ्या हातात शाल कोंबून म्हणाली, "काकू, आजच्या दिवशी तरी गोड बोला हं."

माईकपाशी गेले. शाल तशीच हातावर टाकून माईक घेतला.

"श्रीकांतरावांनी मला बोटीत ओढून घेतलं," मी म्हटलं, "त्याबद्दल त्यांचे आभार. उडी कोणीच मारली नाही. मारणार कोण? आपल्यातल्या कुणाला पोहता येतं? जॅकेटं आपण काढली, पदर दिसावा म्हणून. बोटवाला ओरडत होता, आपण ऐकलं नाही. मला धरलं ते दोन डॉल्फिननी. मी कोण, कुठली, त्यांना काय ठाऊक? बाई बुडतेय एवढंच त्यांना दिसलं, आणि ते आले. त्यांचा मान मी दुसऱ्याच्या खांद्यावर घालणार नाही. श्रीकांतरावांनी डोळ्यांनी पाहिलंय. विचारा त्यांना."

आणि माईक त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी माईककडे बघितलं, हॉलकडे बघितलं. घसा खाकरला. "वहिनींची तब्येत अजून जरा…" एवढंच म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या. पल्लवीनं माझ्या हातातली शाल काढून घेतली आणि त्यांच्या खांद्यांवर घातली. टाळ्या पडल्या. मग माझ्या कानाशी, अगदी गोड आवाजात, "काकू, रविवारपासून येऊ नका."

रडू आलं. खोटं कशाला सांगू? शालीसाठी नाही, वर्गासाठी आलं. पण त्या लोकांसमोर डोळे पुसायचे नव्हते मला. तशीच खाली उतरले, पुढच्या सतरंजीवर मुलं बसली होती तिथे गेले आणि माईकशिवाय सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हटलं, "रविवारी वर्ग माझ्या घरी. बरखेड्यात. ज्याला यायचंय त्यानं आईबाबांना विचारून यायचं. आणि कोणी विचारलं तर सांगा, डॉल्फिनची गोष्ट आजी तिथे पुन्हा सांगणार आहेत."

कोणी टाळी वाजवली नाही. सईच्या आईनं तिचा हात धरून तिला जवळ ओढलं.

तेवढ्यात शेवटच्या रांगेतून नरहर उठला. दुखरा गुडघा ओढत भिंतीपाशी गेला आणि वर्गाचा फळा खिळ्यावरून उतरवायला लागला.

पल्लवी धावली. "अहो काका, कार्यक्रम चालू आहे!"

"चालू द्या," तो म्हणाला. "फळा माझ्या हातचा आहे."

एक टोक त्यानं धरलं, एक मी. सगळ्या हॉलमधून आम्ही तो फळा बाहेर नेला. फाटकापाशी टेकवून तो धापा टाकत उभा राहिला. माझा राग अजून उतरला नव्हता. म्हटलं, "काय हो, तुम्ही तर तिथे नव्हतात!"

"नव्हतोच," तो म्हणाला. "पण श्रीकांतला मी नोकरीला लागल्यापासून ओळखतो. तो पाण्यात उतरायचा नाही. तुला पोहता येत नाही. बोट लांब होती. म्हणजे तू बुडायला हवी होतीस, रत्ना." त्याचा आवाज फुटला. मी त्याला असं कधी पाहिलं नव्हतं. चष्मा काढून त्यानं सदऱ्यानं पुसला. "आणि तू घरी आलीस. मग कोणीतरी धरलंच असणार ना तुला."

त्यानं चष्मा घातला, रस्त्यावर हात करून एक रिक्षा थांबवली आणि म्हणाला, "चल, उचल तुझी बाजू."