पाण्यात कुणाचा हात धरायचा

मृत्युंजयनं उत्कर्षाच्या कानाखाली वाजवली ती गाईडवरून.

अंदमानला जायचं त्यानंच ठरवलं होतं. पोरगी हॉस्टेलला गेली, आता जाऊ की दोघं, म्हणाला. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचे माग चालवणारा माणूस. मागांच्या खडखडाटात बोलून बोलून त्याचा आवाज कायम चढलेला, आणि आवाजाच्या मागोमाग हात. उत्कर्षाला हे सगळं पाठ होतं. तरी तिला मासे बघायचेच होते. बोटीनं छोट्या बेटावर जायचं, तोंडात नळी धरून पाण्यावर पालथं पडायचं, खाली निळे-पिवळे मासे. मोबाईलवर तेच बघता बघता तिच्या कितीतरी भाकरी करपल्या होत्या.

ट्रॅव्हल्सवाल्या अनिमेषचा फोन आला तेव्हा तिनं स्पीकर लावला. तिथंच चुकलं.

"वहिनी, पोहता येत नसलं तरी चालतंय. गाईड हात धरून फिरवतो. एक सांगू की दोन?"

"दोन. मला वेगळा."

मृत्युंजयनं फोन हिसकावून कट केला आणि मग ती कानाखाली.

"परक्या गड्याचा हात धरून पाण्यात लोळणार व्हय? नवरा मेलाय का तुझा?"

"अहो, तो शिकवतो म्हणून..."

"मी शिकवतो की! अकलूजच्या विहिरीत पोहून मोठा झालोय मी. चल, हितंच दावतो."

त्या दिवशी नळाला पाणी आलं होतं, त्यामुळं अंगणातला जमिनीतला हौद काठोकाठ. बिजागरीचं लोखंडी झाकण उघडून मागच्या भिंतीला टेकवलेलं. त्यानं तिला काठावर गुडघ्यांवर बसवलं, सहलीसाठी पार्सलनं मागवलेला नळीचा मास्क तोंडावर चढवला. "वाक."

ती वाकली. तळाशी शेवाळ, एक पडलेला चमचा, आणि शांतता. खरं सांगायचं तर तिला ते क्षणभर आवडलं. मग मानेवर त्याचा पंजा आला.

"श्वास घे की नळीनं!"

नळी केव्हाच पाण्याखाली गेली होती. ती काठावर हात आपटत राहिली. त्यानं केसांना धरून वर ओढलं.

"अजून पायजे परक्याचा हात?"

"पायजे," ती खोकत म्हणाली.

या वेळी आत जाताना कपाळ सिमेंटच्या काठावर आपटलं. पाण्यात लाल धागे सुटले. छातीत आग पेटली आणि तिला कळलं, हा माणूस समुद्रातही हेच करणार. तिथं काठही नसेल आपटायला.

एरवी असल्या वेळी टीव्हीचा आवाज वाढवणारी सासू, सावित्रम्मा, आज पायरीवर येऊन ओरडली, "सोड! मरंल ती!"

तो आईकडं वळला. पकड सैल झाली. उत्कर्षा उसळून मागं आली. त्याचा डावा हात हौदाच्या काठावर होता. तिनं झाकण धरून खाली खेचलं.

उसाचं कांडं मोडावं तसा आवाज झाला. मृत्युंजय गुरासारखा ओरडला. तिनं झाकण उचललं आणि पुन्हा आदळलं. पहिल्यांदा रागानं. दुसऱ्यांदा कशानं, ते तिलाही सांगता आलं नसतं. तिसऱ्यांदा उचललं तेव्हा सासूनं तिचं मनगट धरलं.

"साकु," सावित्रम्मा कन्नडात म्हणाली. मग मराठीत, "पुरे. दवाखान्यात न्यायचंय त्याला."

रिक्षात तो राखेसारखा झाला होता. हाताला त्याच्याच कारखान्याचा टॉवेल गुंडाळलेला, मघापर्यंत पांढरा असलेला. हात वर ठेवायला सासूनं सांगितलं होतं, पण त्याला तो उचलून धरवत नव्हता. म्हणून शेजारी ओलीचिंब बसलेली उत्कर्षाच त्याचं कोपर धरून होती. तिच्या कपाळावरून रक्त ओघळत होतं, ते तिनं खांद्याला पुसलं.

"समुद्रात बघतो तुला," तो दात आवळून म्हणाला.

फोन वाजला. तिनं मोकळ्या हातानं उचलला.

"वहिनी, मगाशी कट झाला. गाईड एक की दोन?"

"एक. आणि ह्यांचं तिकीट रद्द करा. विमानाचं, बोटीचं, सगळं. मी एकटी येणार."

मृत्युंजय जागच्या जागी उसळला. तिनं त्याचं कोपर घट्ट धरलं, आणखी वर केलं.

"हलू नका," ती म्हणाली. "रक्त लई यायलंय."