मांडीतली रस्सीखेच

मित्रांनो, मी एका रंगारी बाईच्या उजव्या मांडीचा जुना स्नायू आहे. गुडघा सरळ करणे हे माझे काम. ती शिडी चढू लागली की तिचा भार मी पेलायचो. तिची मुलगी म्हणायची, "आईच्या पायात स्प्रिंग आहे!" कौतुक पायाचे व्हायचे, माझे नाव कुणी घेत नसे.

माझ्या बारीक धाग्यांत जाड आणि पातळ असे दोन तंतू शेजारी असतात. जाड तो मायोसिन, पातळ तो अ‍ॅक्टिन. मेंदूचा निरोप नसेतून आला की आतल्या पिशव्यांतून कॅल्शियम सुटते आणि अ‍ॅक्टिनवरच्या झाकलेल्या जागा उघडतात. मग मायोसिनची इवलीशी डोकी तिथे पकडतात, ओढतात, सोडतात, पुन्हा पुढे पकडतात. तंतू स्वतः आखूड होत नाहीत, ते एकमेकांवरून सरकतात आणि मी आखडतो. धरलेली पकड सोडायलाही एटीपी नावाचे इंधन लागते बरे!

एकदा शिडी घसरली. बाईच्या नडगीचे हाड मोडले आणि मांडीपर्यंत प्लास्टर चढले. मला वाटले, चला, आराम! पण रिकामा स्नायू झिजतो. माझे तंतू कमी झाले, मी सुकत गेलो. प्लास्टर निघाल्यावर बाई उभी राहायला गेली, तर मी लटलट कापलो. ती मटकन खाली बसली.

"संपलं माझं काम. शिडी देऊन टाक कुणाला तरी," ती मुलीला म्हणाली.

"आधी उभी तर राहा," मुलगी म्हणाली, "मग शिडीचं बघू."

व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली. "ही खाली दाबा."

"काहीच होत नाहीये हो!"

"होतंय. इथे बोट ठेवून बघा."

बाईने बोट ठेवले. मी जेमतेम घट्ट झालो होतो, पण तिला ते जाणवले. तिने दात-ओठ खाऊन पुन्हा दाबले. मीही हट्टाला पेटलो. रोज ती दाबायची, रोज मी ओढायचो. दुखायचे, ती कुरकुरायची, पण थांबत नसे. मी नवे तंतू घडवू लागलो.

एके सकाळी तिने शिडीवर पाय ठेवला. मुलगी शिडी घट्ट धरून उभी. मी सगळी ताकद लावली आणि गुडघा सरळ झाला.

"डबा दे वर," बाई म्हणाली, "आणि रडतेस काय? ब्रशही दे!"

मित्रांनो, दुखापत झाली तर मला विश्रांती जरूर द्या. पण नंतर मला विसरू नका. थोडे थोडे काम द्या, चिकाटीने द्या. ओढायला मी तयार आहे. निरोप मात्र तुम्हीच पाठवायला हवा.