ताकातली विजया

माझ्या नवऱ्याचं, निहारचं पोट जर्मनीत, इंगोलश्टाटला आल्यापासून बिघडलेलं होतं, आणि माझ्या बाबांना दुसऱ्याचं पोट बिघडलेलं बघवत नाही. बाबा डॉक्टर नाहीत. साताऱ्याच्या शाळेत संस्कृत शिकवत हेडमास्तर होऊन रिटायर झाले. पण हेडमास्तरांना जगातलं सगळंच कळतं. २००७च्या उन्हाळ्यात ते पहिल्यांदाच आमच्याकडे आले, ते बॅगेत मेतकूट, कुळथाचं पीठ आणि चूर्णाची एक बरणी घेऊन.

"निहारराव, आमच्या वैद्यबुवांनी स्वतः कुटलंय. दोन्ही वेळ ताकातून घ्या. दगड पचवाल दगड!"

निहार गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत टेस्ट इंजिनियर होता. दिवसभर गाडी चालवायची आणि ब्रेक तपासायचे हेच त्याचं काम. चूर्णबिर्णावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. पण सासऱ्यांनी स्वतः घुसळलेलं ताक पुढे केल्यावर कुठला जावई नको म्हणेल? तो मुकाट्याने प्यायचा. आणि गुण आला की हो! पोट शांत झालं, झोप लागायला लागली, माझ्यावर खेकसणंसुद्धा कमी झालं. मी खूश, बाबा तर हवेतच.

मग एका सकाळी कंपनीच्या रस्त्यावर पोलीस गाड्या तपासत होते. त्यांनी निहारच्या डोळ्यांवर टॉर्च मारला, लघवी तपासली आणि रक्त काढायला घेऊन गेले. तो घरी आला तो हसतच.

"अगं, मला गर्दुल्ला समजले ते! मशीन बिघडलं असणार, दुसरं काय."

मशीन ठणठणीत होतं. रक्तात गांजा निघाला, आणि तोही चुकून कधीतरी ओढणाऱ्याचा नाही, नेमाने रोज घेणाऱ्याचा. साधी सिगरेटसुद्धा न ओढणारा माझा नवरा! आम्ही डोकं खाजवत बसलो. शेवटी मला ताक आठवलं. बाबा बाल्कनीत बसले होते. मी सहज विचारल्यासारखं करून चूर्णात काय काय आहे ते विचारलं.

"जायफळ, वेलची, लवंग, सुंठ," बाबा कौतुकाने म्हणाले, "आणि मुख्य म्हणजे विजया. नाव बघ किती सुरेख!"

संस्कृतात जन्म घालवलेला माणूस, नावावरच भाळला. ती कुठली वनस्पती हे विचारायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. निहारने नेटवर शोधलं. विजया म्हणजे भांग, गांजाच्याच झाडाची पानं.

वकीलबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तुमच्याकडे काही सापडलेलं नाही, त्यामुळे तुरुंगबिरुंग नाही, म्हणाल्या. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला तोच त्या पुढे म्हणाल्या, की लायसन्सचं खातं मात्र वेगळं. रोज घेणाऱ्याचं लायसन्स जातं आणि निदान वर्षभर परत मिळत नाही.

"बर्लिनमध्ये आता थोडं जवळ सापडलं तर सोडून देतात, असं वाचलं मी," निहार म्हणाला.

"ते बर्लिन. हे बायर्न आहे, इथे सगळं कडक. आणि लायसन्सच्या बाबतीत बर्लिनलाही हेच."

एकच वाट होती. नकळत पोटात गेलं, हे सिद्ध करायचं. त्यासाठी ज्याने दिलं त्याने तसं लिहून द्यायचं. पण मग अमली पदार्थ देशात आणल्याची केस त्याच्यावर.

"आमच्याकडे भांगेच्या पानाला अमली पदार्थांचा कायदा लागत नाही हो," मी म्हटलं.

"आमच्याकडे अख्ख्या झाडाला लागतो," वकीलबाई म्हणाल्या. वयाकडे बघून कदाचित सोडतील, कदाचित विमानतळावरच अडवतील, त्या काहीच हमी देत नव्हत्या.

बाहेर आल्यावर निहार म्हणाला, "बाबांना कळता कामा नये. कळलं तर ते स्वतः चालत पोलिसांकडे जातील."

"जाऊ देत की! मोठे आहेत ते. तुझी नोकरी जाईल, निहार. व्हिसा नोकरीवर आहे आपला."

"गेनाऊ, अगदी बरोबर. नोकरी दुसरी मिळेल. त्यांचं आधीच नाजूक झालेलं हृदय दुसरं मिळणार आहे का?"

मला त्याचा संताप आला, बाबांचाही आला आणि त्या वैद्यबुवांचा तर विचारूच नका. पण मी गप्प बसले. त्या संध्याकाळी निहारने बाबांसमोर मान खाली घालून सांगितलं, की कंपनीतल्या मित्रांबरोबर मी गांजा ओढायचो, सवय लागली, पकडला गेलो.

बाबा उठले. त्यांनी ताकाची रवी धुवून ठेवून दिली. बरणी आपल्या बॅगेत टाकली आणि बॅगेला कुलूप लावलं. "गंजेडी माणसाला मी औषध देत नाही," एवढंच मला म्हणाले. किल्ली त्यांच्या जानव्याला, त्यामुळे ती बरणी मला फेकताही येईना.

लायसन्स गेलं. गाडी चालवता न येणारा टेस्ट इंजिनियर कंपनीने ठेवला नाही. आम्ही घर आवरायला घेतलं. बाबांचं तिकीट आमच्या आधीचं होतं.

म्युनिकच्या विमानतळावर निहार त्यांच्या पाया पडायला वाकला. बाबा मागे सरले.

"आधी सुधरा. मग पाया पडा."

निहार उठला आणि ट्रॉली परत ठेवून येतो म्हणून निघून गेला. बाबा तो लांब जाईपर्यंत बघत राहिले. मग त्यांनी घाईघाईने बॅगेचं कुलूप काढलं आणि ती बरणी, दोन पोलीस अगदी शेजारून जात असताना, माझ्या हातात कोंबली. त्यांचे डोळे भरले होते.

"काही झालं तरी जावई आहे. ओढायची तलफ आली ना त्याला, की हे ताकातून दे. आणि मी दिलं म्हणून सांगू नकोस हं त्याला."