सत्ताविसावं राज्य

मुलांना सुट्टीसाठी ओहायोहून मोंटानाला घेऊन निघालो आणि आयोवा ओलांडेपर्यंत मागच्या सीटवर नुसता कालवा. निरनिराळ्या राज्यांच्या नंबरप्लेट शोधायचा खेळ मीच लावून दिलेला. टेसाची सत्तावीस राज्यं झाली होती, धाकट्या ओवेनची सव्वीस.

पेट्रोल भरायला थांबलो, तर ओवेन गाडीला वळसा घालून ओरडत आला, "मोंटाना! माझीपण सत्तावीस!"

"लबाडा, ती आपल्याच गाडीची आहे," मी खेकसलो. "आपली गाडी धरायची नाही, ठरलंय ना?"

"आपली गाडी ओहायोची आहे. ती मॉमकडे आहे," तो म्हणाला. "ही तुझी आहे, डॅड."

टेसाने त्याला कोपराने ढोसलं.

मी पेट्रोलची नळी जागेवर अडकवली आणि म्हणालो, "बरोबर आहे. लिही वहीत."