ड्यूकच्या मागे बादली घेऊन

परक्या मुलखातून आलेलं जनावर सहा दिवस आवारात कोंडायचं, वाळलेलं गवत घालायचं आणि पोटातलं, कुरण गिळून टाकणाऱ्या रानटी बाभळीचं बी शेणावाटे पडून गेलं की मगच कुरणात सोडायचं, हा थेल्माच्या घरचा कायदा होता. नवा बैल ड्यूक उत्तरेकडून पोटभर शेंगा खाऊन आला होता. तिच्या नवऱ्याने, क्लेमने, त्याला चौथ्याच दिवशी सोडून दिलं.

"बिचारा सारखा डुरकत होता गं," क्लेम म्हणाला.

"मग डुरकू दे की! जेवायला उशीर झाला की तूही डुरकतोस. तुला सोडते का मी मोकाट?"

थेल्माने त्याच्या हातात फावडं आणि बादली दिली. बैलामागे हिंडून शेण गोळा करायचं, हे गुन्हेगाराला वेगळं सांगायची गरजच नव्हती. शनिवारी शेजारपाजारची वीस घरं तिचं कुरण बघायला येणार होती. दहा हजार एकर, आणि अकरा वर्षांत एक बाभूळ नाही! एकेका बुंध्याला झाड मारायचं औषध लावून तिने ते मोकळं केलं होतं. आता बैलाने जिथे जिथे शेण टाकलं असेल तिथे बाभूळ उगवणार होती.

क्लेम निघाला. ड्यूकही महा बेरकी, गाडीचा आवाज आला की पळायचा. शेवटी क्लेम पायीच त्याच्या मागे लागला. सत्तरीतला माणूस, गेली वीस वर्षं गाडीतून खाली न उतरलेला, बैलाची शेपूट कधी वर होते यावर डोळे लावून चालत होता. ही बातमी लपते थोडीच! कुंपणापलीकडून शेजारचा गस ओरडला, "क्लेम, नवीन साहेब कसा आहे? पगारबिगार देतो का?"

"तुझ्यापेक्षा कमी बोलतो!" क्लेमने उत्तर दिलं.

तिसऱ्या दिवशी ऊन चढलं तसा ड्यूक सावलीसाठी एका खोल ओघळीत उतरला. क्लेमही घसरत खाली गेला, आणि थबकला. सावली बाभळीची होती. चांगली दोन पुरुष उंच, शेंगांनी लगडलेली. वरून गाडीतून कुणाला ती दिसणंच शक्य नव्हतं.

 झाड गुपचूप तोडून टाकलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. शनिवारी थेल्मा ताठ मानेने उभी राहिली असती. पण खाली पडलेलं बी काय गप्प बसणार होतं? आणि तिच्याशी तो उभ्या आयुष्यात खोटं बोलला नव्हता. तो घरी आला आणि त्याने सरळ सांगून टाकलं.

थेल्मा ओघळीत उतरली. झाडाभोवती फिरून तिने शेंगा बघितल्या. मग डिझेलमध्ये कालवलेलं औषध तिने स्वतः बुंध्याभोवती लावलं.  

शनिवारी ती सगळ्यांसमोर उभी राहिली. "अकरा वर्षं माझं कुरण स्वच्छ आहे, असं मी सांगणार होते. ते खरं नाही. ओघळीत एक मोठी बाभूळ निघाली. मी गाडीतून हिंडले, मला दिसली नाही. क्लेमला दिसली, कारण तो पायी हिंडत होता. का हिंडत होता, ते त्यालाच विचारा!"

हशा पिकला. गस मात्र हसला नाही. "आमच्या ओघळीत तर कुणी कधी उतरलंच नाही," तो हळूच म्हणाला.

"मग आज आधी इथे शिका," थेल्मा म्हणाली. "गाड्या राहू द्या. जेवण नंतर."

वीस घरची माणसं हातभर अंतर ठेवून रांगेने ओघळीत उतरली. तासाभरात आणखी दोन रोपं सापडली. दुसरं रोप मुळासकट उपटून थेल्मा ओरडली, "क्लेम! बघतोस काय? अकरा वर्षांची मोजणी गेली! तुझ्यामुळे मी पुन्हा पहिल्या वर्षात आले, आणि या वेळी पायी!"

आणि इतक्या खुशीत ओरडली, की क्लेमने सगळ्यांदेखत तिचा मातीने भरलेला हात हातात घेतला आणि पुढची सगळी ओघळ संपेपर्यंत तो सोडला नाही.