बाजेवरची अंघोळ

लातूरचा जिल्हा झाला आणि गावात साहेब लोकांचं पीक आलं. कचेऱ्या आल्या, फायली आल्या, पण माणसांना राहायला घरं कुठून यायची? वीरभद्राच्या लॉजमध्ये एरवी निलंग्या-देगलूरचे व्यापारी एक रात्र टेकून जायचे. त्याच आठ खोल्या आता महिनेच्या महिने भरलेल्या राहू लागल्या. वीरभद्र हवेत चालू लागला. त्याची बायको महानंदा मात्र जमिनीवर होती, कारण जमिनीत पाणी नव्हतं.

जिल्ह्याचा पहिलाच उन्हाळा, आणि तो असा आला. विहिरींचे तळ दिसू लागले. नळाची तोटी फिरवली की नुसता फुस्स असा आवाज यायचा. गल्लीला आठवड्याला एक टँकर, तोही सोमवारी. त्यातलं पाणी साठवायला मोठा हौद हवा, आणि गल्लीत तसे हौद दोनच. एक लॉजच्या अंगणात, दुसरा समोर अमृतराव तेलवाल्याकडे. अमृतरावानं हौद घासूनपुसून ठेवला होता, पण गल्लीनं विश्वास टाकला महानंदावर. झाकणाला कुलूप लागलं, किल्ली तिच्या कमरेला आली. घरामागं रोज दोन घागरी, लॉजच्या खोलीमागं एक बादली. म्हशीला एक घागर, शेळीला एक तांब्या. जनावरंसुद्धा मोजलेली.

हिशोब वेळूच्या काठीवर. काठीला सात खुणा, रोज एक खूण पाणी उतरायचं. रोज संध्याकाळी काठी बुडवायचं काम धुरपताबाईचं. ही बाई गल्लीच्या तोंडाशी राहायची आणि गल्लीचं तोंडही तीच होती.

गुरुवारी धुरपताबाईनं काठी बुडवली आणि बाहेर काढली. पुन्हा बुडवली. पाणी असायला हवं होतं तिसऱ्या खुणेपर्यंत, ते होतं दुसऱ्या खुणेच्या किंचित वर.

"महानंदे, पानी कुठं गेलं?"

"कुठं जाईल, मावशी? किल्ली माझ्याजवळ हाय."

रांगेतल्या बायांच्या घागरी जमिनीवर टेकल्या. कुणी म्हणालं हौद गळतोय, कुणी म्हणालं माणूस गळतोय. तेवढ्यात चार नंबरच्या खोलीतून प्रिन्स बाहेर आला.

प्रिन्स म्हणजे दातार साहेबांचं कुत्रं, पांढरं, केसाळ, उशीएवढं. साहेब कोकणातले, चिपळूणकडचे. माणूस वाईट नव्हता, पण पाण्याच्या बाबतीत त्याला अक्कल म्हणून शिवली नव्हती. अर्धा पेला प्यायचा आणि उरलेलं खिडकीतून फेकायचं. ओला टॉवेल गादीवर, सिगारेटची राख रांजणाच्या झाकणावर. महानंदा रोज ते पुसायची आणि रोज दात-ओठ खायची. वीरभद्र म्हणायचा, "सायब हायत, चालायचंच."

धुरपताबाई कुत्र्याकडं बघत राहिली. उन्हानं आणि धुळीनं सगळी गल्ली एका रंगाची झाली होती. माणसं मातीची, म्हशी मातीच्या, वाळत घातलेली धोतरं मातीची. पांढरंशुभ्र असं एकच.

"ह्या कुत्र्याला कोन धुवायलंय?" तिनं विचारलं.

महानंदानं नवऱ्याकडं पाहिलं. वीरभद्र उपरण्याचं टोक पिळत होता, आणि त्यातूनही पाणी निघालं असतं असा घाम त्याला फुटला होता.

झालं होतं ते एवढंच. महानंदा रोज सकाळी लिंगायतांच्या रीतीनं डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसायची. अर्धा घंटा डोळे मिटलेले. त्या वेळात उठायचं नाही, बोलायचं नाही. पूजेला बसताना किल्ली खिळ्याला टांगायची. तेवढ्यात साहेब वीरभद्राकडं किल्ली मागायचे. "दोन बादल्याच घेतो, प्रिन्सला उकडतं." पाहुण्याला नाही म्हणायचं वीरभद्राच्या घराण्यात कुणी शिकलंच नव्हतं. त्याचा आजा म्हणे घरात शिरलेल्या चोरालाही जेवून जा म्हणाला होता.

आता हौद गळतो म्हणून सांगता आलं असतं. वीरभद्र डोळ्यांनी तेच विनवत होता. महानंदाच्याही ओठांवर ते क्षणभर आलं. पण जिथं पाणी खरं राहिलं नाही तिथं शब्द तरी खरा राहावा, असं तिला वाटलं.

"मावशी, चूक आमची हाय," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "आमच्या घरातूनच किल्ली दिली गेली. पानी कुत्र्याच्या अंगावर गेलं."

अमृतराव आपल्या दारातून दोन पावलं पुढं आला. "माझा हौद मोकळाच हाय," तो गोड आवाजात म्हणाला.

धुरपताबाईनं हात पुढं केला. महानंदानं कमरेची किल्ली सोडून तिच्या हातावर ठेवली. हौदाचं दार बंद झालं तर लॉजचंही दार बंद होणार, हे तिथं कुणाला सांगायची गरज नव्हती. पाण्याविना आठ खोल्या म्हणजे आठ कोनाडे.

"सोमवारपर्यंत हौद चालला, तर टँकर तुझ्याकडं," धुरपताबाई म्हणाली. "आमच्या एका घागरीला जरी कमी पडलं, तर समोर."

महानंदा तडक चार नंबरच्या दाराशी गेली. साहेब आरशासमोर भांग पाडत होते.

"सायब, उद्यापासून तुमची बादली तुम्ही रांगेत उभं राहून भरायची. कुत्र्याला प्यायला एक तांब्या. धुनं बंद."

"अहो बाई, दोन बादल्यांनी काय होतंय? आमच्याकडे पडवीतून हात घातला की विहीर!"

"हितं हात घातला की ढेकळं लागतात."

साहेबांचा चेहरा लाल झाला. "मी खोली सोडतो. माझ्याबरोबर आमच्या कचेरीतले दोघे येतील. तीन खोल्या रिकाम्या होतील, कळलं?"

वीरभद्रानं दाराची चौकट धरली. तीन खोल्यांचं भाडं महानंदालाही हवंच होतं, खोटं कशाला बोला. पण ती म्हणाली, "जावा. भाडं गेलं तर अर्धी भाकर खाऊ. पानी गेलं तर लॉजच न्हाई."

शुक्रवारी सकाळी साहेब बॅग एका हातात आणि प्रिन्स दुसऱ्या हातात घेऊन निघाले. नव्या जिल्ह्याच्या गावात खोली शोधणं म्हणजे यात्रेत चप्पल शोधणं. जिथं खोली होती तिथं कुत्रं चालत नव्हतं. जिथं कुत्रं चालत होतं तिथं पाणीच नव्हतं, साहेबांना प्यायलासुद्धा. बरोबर येणारे दोघे तर खोलीच्या बाहेरच पडले नाहीत. कलत्या उन्हात साहेब परत आले. प्रिन्सची जीभ गुडघ्यापर्यंत लोंबत होती.

महानंदानं आधी कुत्र्यापुढं वाडगं ठेवलं. आपल्या स्वतःच्या वाटणीतलं पाणी ओतलं. कुत्रं पिऊ लागलं तसे साहेब बघत राहिले. थेंब न थेंब चाटून झाल्यावरही ते रिकामं वाडगं चाटत होतं.

"खोली आहे का अजून?" साहेबांनी हळू विचारलं.

"हाय. पन आता अंघोळ माझ्या पद्धतीनं."

शनिवारी सकाळी अंगणात आडोसा उभा राहिला. आत सुंभानं विणलेली बाज, बाजेखाली मोठं घमेलं. दुष्काळात आपल्याकडची माणसं अशीच अंघोळ करतात. बाजेवर बसायचं, अंगावर पाणी घ्यायचं, आणि सुंभातून गळलेला थेंब न थेंब खाली गोळा करायचा. त्या पाण्यात महानंदा आधी चादरी भिजवणार, मग त्यानंच फरशी पुसणार, आणि उरलेलं काळं पाणी संडासात ओतणार. म्हणजे लॉजसाठी हौदातून निघायचं ते फक्त पिण्याचं, स्वयंपाकाचं आणि अंगावर घ्यायचं. धुण्या-पुसण्याच्या रोजच्या सगळ्या बादल्या वाचल्या.

आधी वीरभद्र बसला. महानंदानं त्याला पहिला मान दिला, आणि त्याला तो का मिळाला हे कळत होतं. मग बाकीच्या खोल्या. शेवटी दातार साहेब, कचेरीत ज्यांच्यासमोर माणसं उभी राहून बोलतात ते, लंगोट लावून बाजेवर मांडी घालून बसले. तांब्यानं जपून जपून पाणी घेऊ लागले. शेजारच्या गच्चीवरून बाया बघतायत हे त्यांना कळत होतं, आणि बायांना ते कळतंय हेही कळत होतं.

प्रिन्स बाजेखाली शिरायला लागला. गार पाण्यात बसायची त्याची जुनी सवय. घमेल्यात त्यानं एक पाय टाकला, तोच वरून साहेब ओरडले, "हट! प्रिन्स, हट! चादरींचं पाणी आहे ते!"

गच्चीवर हशा पिकला. महानंदानं पदर तोंडाला लावला. दोन दिवसांत पहिल्यांदाच तिच्या छातीवरचं ओझं हललं.

रविवारी साहेब रांगेत होते. पुढं धुरपताबाईची शेळी, मागं प्रिन्स. शेळीचा एक तांब्या झाला, मग कुत्र्याचा एक.

सोमवारी दुपारी केरबा टँकर घेऊन गल्लीच्या तोंडाशी आला आणि त्यानं हॉर्न दिला. "कुठं सोडू?"

अमृतरावानं फाटक सताड उघडलं होतं. वर पाणीसुद्धा शिंपडलं होतं, आणि ते सगळ्यांनी पाहिलं होतं.

धुरपताबाईनं लॉजचा हौद उघडला. दर सोमवारी या वेळेला तळाचा गाळ दिसायचा. धुरपताबाईनं काठी खाली सोडली, वर काढली आणि उन्हात धरली. काठी अर्ध्या खुणेपर्यंत ओली होती. गल्लीच्या एकाही घागरीला कमी पडलं नव्हतं, आणि वर पाणी उरलं होतं.

बायांनी काठी हातोहात फिरवून पाहिली. एकीनं ओल्या लाकडाला बोट लावून ते डोळ्यांना लावलं. धुरपताबाईनं प्रिन्सकडं पाहिलं. चार दिवसांत त्याचा रंग उतरून तो तांबूस, मळकट, कोपऱ्यावरच्या भिंतीसारखा झाला होता.

"आता कसं आमच्या गल्लीचं दिसायलंय," ती म्हणाली, आणि केरबाला हात केला. "हितं सोड. लॉजमधी."

पाणी हौदात धो धो पडू लागलं. महानंदा रडली, सगळ्यांसमोर, आणि तिला त्याची लाज वाटली नाही. धुरपताबाईनं तिच्या कमरेला स्वतःच्या हातानं किल्ली बांधली. बांधता बांधता थांबली.

"पन पूजेच्या टायमाला किल्ली कुनाकडं?"

वीरभद्र दोन पावलं मागं सरकला. महानंदानं डोळे पुसले, आजूबाजूला पाहिलं आणि म्हणाली, "सायबाकडं."

"अगं, चोराच्या हाती जामदारखान्याच्या चाव्या?"

"मावशी, बाजेवर बसून गेलेला मानूस हाय तो."

दुसऱ्या दिवशी सकाळी महानंदा तळहातावर इष्टलिंग घेऊन बसली. डोळे मिटलेले, मन मात्र अंगणात. हौदापाशी अमृतरावाचा आवाज आला, तेलासारखा मऊ.

"सायब, एक घागर जास्तीची द्या. घरी पाव्हणे आलेत."

"ही तुमची दुसरी घागर," दातार साहेबांचा आवाज चढला. "खूण बघा. पाहुण्यांनाही तेवढंच!"

पूजेत हसायचं नसतं. महानंदानं ओठ घट्ट मिटून घेतले, पण तळहात काही केल्या स्थिर राहीना.